मदत हवी आहे: आफ्रिकेतील रुग्णालय-जहाजावर जळीत रुग्णांच्या सेवेसाठी किती काळ जावे?

नमस्कार.

मी महाराष्ट्रातील एका शासकीय रुग्णालयाच्या जळीत कक्षात अकरा वर्षांपासून अधिपरिचारिका म्हणून काम करते. मर्सी शिप्स या संस्थेच्या जहाजावर स्वयंसेविका म्हणून जाण्याचा विचार गेले वर्षभर मनात आहे. आता प्रत्यक्ष अर्ज भरायला बसले, तेव्हा ‘किती काळासाठी येऊ शकाल?’ या रकान्यापाशी अडले. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, यासाठी हा धागा काढत आहे.

ज्यांना या संस्थेची माहिती नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या दांपत्याने १९७८ मध्ये ती स्थापन केली. सध्या तिची दोन जहाजे आहेत. ‘आफ्रिका मर्सी’ हे मूळचे डेन्मार्कमधले रेल्वेगाड्या वाहून नेणारे जहाज. ते २०२४ मध्ये मादागास्करच्या तोआमासिना बंदरात गेले. ‘ग्लोबल मर्सी’ मात्र रुग्णालय म्हणूनच बांधलेले आहे. त्यावर सहा शस्त्रक्रियागृहे आणि सुमारे २०० खाटा आहेत, आणि २०२३ मध्ये ते सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन येथे दाखल झाले. त्या त्या देशाच्या सरकारच्या निमंत्रणावरून जहाज बंदरात कित्येक महिने उभे राहते. वीज, पाणी, प्राणवायू आणि निर्जंतुकीकरणाची सोय जहाजावरच असल्यामुळे किनाऱ्यावरच्या टंचाईने शस्त्रक्रिया अडत नाहीत. दुभंगलेले ओठ, जबड्याच्या मोठ्या गाठी, मोतीबिंदू, हर्निया, मुलांचे वाकडे पाय अशा शस्त्रक्रिया तेथे विनामूल्य होतात.

माझा जीव गुंतला आहे तो भाजल्यानंतर आकसलेल्या अवयवांच्या शस्त्रक्रियांमध्ये. घरात किंवा अंगणात उघड्या चुलीवर स्वयंपाक होतो, तेथे रांगते मूल विस्तवात हात घालते किंवा उकळते भांडे अंगावर ओढून घेते. जखम कशीबशी भरते, पण वेळेवर स्किन ग्राफ्ट (जखमेवर निरोगी त्वचेचे रोपण) आणि स्प्लिंट (अवयव सरळ धरून ठेवणारा आधार) न मिळाल्याने कातडी आकसत जाते. बोटे तळहाताला चिकटतात, हनुवटी छातीकडे ओढली जाते, काखेतला व्रण हात वर उचलू देत नाही. असे रुग्ण मी आमच्या कक्षातही पाहिले आहेत, आणि दर वेळी हेच वाटले आहे की पहिल्या महिन्यातच कोणी या मुलाचा हात सरळ बांधून ठेवला असता, तर आज ही वेळ आली नसती.

या शस्त्रक्रियेतला शल्यविशारदाचा भाग काही तासांचा असतो. त्यानंतर ग्राफ्टचे पहिले ड्रेसिंग उघडणे, मूल रडत असताना त्याला विश्वासात घेऊन बोट न् बोट हलवून घेणे, स्प्लिंट रात्रभर राहील हे आईला पटवणे, व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे, म्हणजे प्रेशर गारमेंट, उकाड्यातही अंगावर ठेवायला लावणे, हे काम महिनोन्‌महिने चालते. त्यात खंड पडला की कातडी पुन्हा आकसते. ओळखीची सिस्टर दिसली की मूल हात पुढे करते आणि नवी दिसली की मागे घेते, हे मी रोज पाहते. म्हणूनच प्रश्न पडतो की तीन महिन्यांसाठी गेले, तर माझा उपयोग किती होईल? सिएरा लिओनमधल्या क्रिओ, तेम्ने किंवा मेंदे या भाषा बोलणाऱ्या आईशी दुभाष्यामार्फत बोलायची सवय होईपर्यंतच पहिले काही आठवडे जातील. वर्षभर गेले, तर रुग्णांना अधिक उपयोग होईल, पण इकडे घरी नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि आमच्या कक्षातही माणसे पुरेशी नाहीत.

खर्चाचा विचार मी केला आहे. तेथे शल्यविशारदापासून स्वयंपाक्यापर्यंत बहुतेक सर्व जण स्वयंसेवक असतात. वेतन मिळत नाही, उलट प्रवास, विमा आणि जहाजावरील राहण्याजेवणाचे शुल्क आपणच भरायचे असते. त्यासाठी काही रक्कम मी साठवली आहे. संस्था ख्रिस्ती श्रद्धेतून चालते आणि मी हिंदू आहे. रुग्णांवर उपचार करताना तेथे धर्म पाहिला जात नाही, आणि मिशनच्या रुग्णालयात शिकलेल्या आमच्या थोर सिस्टरांकडूनच मी हे काम शिकले असल्यामुळे त्या वातावरणाचे मला दडपण नाही.

ज्यांनी अशा जहाजावर, परदेशातील शिबिरात किंवा आपल्याकडच्या जीवनरेखा एक्सप्रेससारख्या (रेल्वेगाडीतील रुग्णालय) उपक्रमात काम केले आहे, त्यांनी कालावधीविषयी आणि शासकीय सेवेतील रजेविषयी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, मी अधिसेविका म्हणून निवृत्त झाले आहे, म्हणून रजेबद्दल लिहिते. अर्जित रजा संपल्यावर विनावेतन असाधारण रजा मागता येते, पण ती मंजूर करणे प्रशासनाच्या हाती असते. परदेशी जाण्याची पूर्वपरवानगी वेगळी घ्यावी लागते. दोन्ही अर्ज एकाच वेळी द्या आणि तिकीट त्यानंतरच काढा. परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण मधल्या काळात येत असेल, तर ते आधी उरकून घ्या.

सिएरा लिओनसाठी पीतज्वराची लस अनिवार्य आहे. ती केवळ शासनमान्य केंद्रांवर मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी ग्राह्य ठरते. एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. प्रमाणपत्र हरवू नका, कारण परतताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागते.

प्रतिसाद २

मी प्लास्टिक सर्जन आहे आणि ग्रामीण भागातील शिबिरांत बरीच वर्षे जातो. आपला प्रश्न योग्य आहे, फक्त तो महिन्यांच्या संख्येत अडकला आहे, असे मला वाटते. जहाजावर वेगवेगळ्या शस्त्रक्रियांचे काळ ठरलेले असतात. भाजलेल्या रुग्णांच्या शस्त्रक्रिया कधी सुरू होतात आणि त्यांचे पुनर्वसन कधीपर्यंत चालते, हे संस्थेला पत्राने विचारा. शस्त्रक्रियांच्या शेवटच्या आठवड्यांत पोहोचून पुढचे तीन महिने ड्रेसिंग आणि स्प्लिंटसाठी दिलेत, तर त्याच मुलांचे हात आपल्यासमोर मोकळे होताना दिसतील. तेवढ्याच तीन महिन्यांसाठी आपण शस्त्रक्रियांच्या सुरुवातीला गेलात, तर नेमक्या गरजेच्या वेळी परत यावे लागेल.

दुसरे असे की जहाज पुढे जाते, पण तेथील परिचारिका तेथेच राहतात. स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा संस्थेच्या कामाचाच भाग आहे. साध्या प्लास्टरच्या पट्टीपासून स्प्लिंट कसे करावे, हे आपण रोज करता. ते दोन जणींना शिकवण्याची इच्छा अर्जात स्पष्ट लिहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. पुनर्वसनाच्या काळाशी माझी रजा जुळवावी, हे मला सुचलेच नव्हते. आज संस्थेला पत्र लिहून वेळापत्रक विचारले आहे आणि तीन महिन्यांसाठी येण्याची तयारी कळवली आहे. उद्या कार्यालयात रजेचा आणि परवानगीचा अर्ज एकत्र देईन. एकच शंका उरली आहे: स्प्लिंटचे साहित्य तेथे पुरेसे असते का, की उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या काही शीट सोबत न्याव्यात? कोणाला अनुभव असल्यास लिहावे.