मदत हवी आहे: व्हीआरवर व्हेंटिलेटर शिकवताना सिस्टर्सना गरगरतंय

आयसीयू_सिस्टर: कंपनीच्या सीएसआर निधीतून व्हीआरचे (डोळ्यांवर लावून आभासी दृश्य दाखवणारे) सेट मिळालेत, नवीन सिस्टर्सना त्यावर व्हेंटिलेटर शिकवतेय. निम्म्याजणी पाच-दहा मिनिटांत सेट उतरवतात, मळमळतंय म्हणतात. ज्या पूर्ण करतात त्यांचेही हात खऱ्या मशीनवर लो प्रेशरचा अलार्म वाजला की थबकतात. सोमवारपासून नवी बॅच आहे. सेटिंगमध्ये काय बदलू? लवकर सांगा, प्लीज.

बायोमेडवाला: सेट कुठला? व्हेंटिलेटर कुठला? अ‍ॅपमध्ये तुमचंच मॉडेल आहे का? एवढ्या माहितीवर कोण काय सांगणार?

पिक्सेल_पाटील: अ‍ॅपमध्ये जॉयस्टिकने फिरता का? मग गरगरणारच. डोळ्यांना वाटतं आपण चाललोय, शरीर तर जागेवरच. टेलिपोर्ट लावा, म्हणजे न चालता थेट हव्या जागी पोचता येतं, शक्यतो बसून करू द्या. आणि सेट क्वेस्ट २ असेल तर भिंगं डोळ्यांमधल्या अंतराप्रमाणे हाताने सरकवायची असतात, 58, 63, 68 मिमी अशा तीन खुणा आहेत.

डेंटल_मुंबई: सेट पुसताना भिंगांना स्पिरिट अजिबात लावू नका, कोटिंग जातं. कोरडं मायक्रोफायबर वापरा. चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमवर सिलिकॉनचं कव्हर चढवा, ते दर वेळी पुसता येतं.

आयसीयू_सिस्टर: क्वेस्ट २ च आहे, आणि जॉयस्टिकच. भिंगं सरकतात हे डेमो द्यायला आलेल्यांनी सांगितलंच नाही. अ‍ॅपमधला व्हेंटिलेटर टचस्क्रीनचा, आमचे नॉबचे.

बायोमेडवाला: हे आधी सांगायचं ना मॅडम! हात थबकणार नाहीत तर काय? वॉर्डातल्या मशीनला टेस्ट लंग (फुप्फुसाच्या जागी लावायची रबराची पिशवी) लावा. वाय-पीसपाशी, म्हणजे दोन नळ्या जुळतात तिथे, सर्किट सोडवा, लो प्रेशर वाजेल. ट्यूब दुमडून धरा, हाय प्रेशर. सैल जोड बोटांनाच कळतो. सेट ठेवा कपाटात.

पिक्सेल_पाटील: कपाटात का म्हणून? टेस्ट लंग कधी निळा पडतो का? व्हीआरमध्ये एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन) 80 पर्यंत उतरताना दिसतो, नातेवाईक ओरडत असतात. त्या गडबडीत क्रम लक्षात ठेवायची सवय रबराच्या पिशवीवर होत नाही.

बायोमेडवाला: अ‍ॅप विकणारे सगळे हेच बोलतात.

पिक्सेल_पाटील: मी काही विकत नाही, कॉलेजात शिकवतो.

निवृत्त_मेट्रन: भांडू नका रे. अलार्म वाजला की आधी पेशंट बघायचा, छाती हलतेय का ते, मग मशीन. कळेना तर सरळ मशीनवरून काढून अँबू बॅगने (हाताने दाबायची पिशवी) श्वास द्यायचा आणि डॉक्टरांना हाक मारायची. हे तुमच्या अ‍ॅपमध्ये आहे का? कोविडमध्ये कितीतरी ठिकाणी व्हेंटिलेटर आले आणि चालवणारं माणूस नाही म्हणून पडून राहिले. मशीन घ्यायला पैसे निघतात, सिस्टरच्या पोस्ट मात्र भरत नाहीत.

दहावीचा_बाबा: क्वेस्ट ३एस मुलाला घेऊ का? अभ्यासाला उपयोग होईल?

निवृत्त_मेट्रन: दादा, वेगळा धागा काढा.

आयसीयू_सिस्टर: मेट्रन, अ‍ॅपमध्ये अँबू बॅग भिंतीला टांगलेली दिसते पण हातात घेता येत नाही. म्हणजे तो भाग आधी खऱ्या बेडवर घ्यावा लागणार. टेलिपोर्ट सापडलं. टेस्ट लंग आमच्याकडे आहे, उद्याच काढते. पण भिंगांची खूण प्रत्येकीची कशी ठरवायची? चष्मेवाल्याही आहेत.

पिक्सेल_पाटील: मेनूतली बारीक अक्षरं वाचायला सांगा, ज्या खुणेवर ठळक दिसतील ती तिची. वहीत नावापुढे लिहून ठेवा. चष्म्यासाठी खोक्यात एक काळी प्लास्टिकची चौकट असते, फोम काढून ती आधी बसवा.