मेणवलीच्या घंटेवर बाळ घेतलेली बाई कोण?

सातारची लेक:
गेल्या रविवारी आईला घेऊन वाईला गेले होते. ढोल्या गणपतीचं दर्शन झाल्यावर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा पाहिला आणि मागच्या घाटावर उतरलो. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. आई अठ्ठ्याहत्तरची, पण बारीकसारीक गोष्ट तिलाच आधी दिसते. म्हणाली, "अगं, हिच्यावर बाळ घेतलेली बाई आहे बघ. यशोदा असेल." मी निरखून पाहिलं, तर आकडे १७०७, तेही इंग्रजी वळणाचे. नानांचा जन्म १७४२चा. म्हणजे घंटा नानांपेक्षा पस्तीस वर्षांनी थोरली! ती आली कुठून? आईला नीट उत्तर द्यायचं आहे, म्हणून विचारते.

वसईचा नातू:
ताई, ती आमची मरियामाता. आईंनी बाळ बरोबर ओळखलं, फक्त घर वेगळं.

मी वसईचा, कॅथलिक, घरात कादोडी ही वसईकडची बोली बोलणारा. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. सुरुंग लावून बुरूज उडवले, माणसं अतोनात पडली. पण तहात पोर्तुगीजांना हत्यारांसह बाहेर पडू दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक दिली. आमची घरं इथे टिकली ती त्यामुळे. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी नेल्या आणि त्या देवळांत लागल्या. मेणवलीची त्यातलीच. भीमाशंकरची १७२९ची, नाशिकला नारोशंकराची १७२१ची. पालीच्या बल्लाळेश्वराकडची घंटाही वसईचीच सांगतात.

आजोबांना एकदा भीमाशंकरला नेलं होतं. घंटेवरचा क्रूस त्यांना खालूनच दिसला. हात पुरेना, म्हणून चपला बाजूला काढून तिथेच उभे राहिले आणि हळू आवाजात 'नमो मारिया' म्हणाले. मागची माणसं थांबली, कुणी पुढे सरका म्हणालं नाही. नंतर एका आजींनी त्यांच्या हातावर साखरफुटाणे ठेवले. ते त्यांनी रुमालात बांधून घरी आणले, आजीसाठी.

ओतकामवाला:
आमचा पिढ्यान्‌पिढ्या ओतकामाचा धंदा, म्हणून एक सांगतो. पुन्हा गेलात तर त्या घंटेचा ओठ बघा, म्हणजे तोंडाची कड. लोलक आपटतो तिथे धातू सगळ्यात जाड असतो, वर जाताना पातळ होत जातो. सगळा नाद त्या जाडीच्या हिशोबात आहे.

आणि अक्षरं कोरलेली नाहीत, उठावाची आहेत. युरोपातल्या पद्धतीत आधी मातीची खोटी घंटा करायचे, तिच्यावर मेणाची चित्रं आणि आकडे चिकटवायचे आणि वरून मातीचा लेप द्यायचे. भट्टी दिली की मेण वितळून जायचं आणि त्याची खूण साच्यात राहायची. १७०७ सालच्या कुणा ओताऱ्याच्या बोटांनी लावलेल्या मेणाची ती खूण आहे.

मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. घंटेच्या काशात, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रणात, कथिल शेकडा वीसच्या आसपास, तोफेच्या धातूत त्याच्या निम्मं. तांबं वाढवून त्या घंटा तोफांसाठी सहज वितळवता आल्या असत्या, युरोपात तर लढाईच्या दिवसांत ते सर्रास व्हायचं. इथे त्या अख्ख्या ठेवल्या, डोंगरावर चढवल्या आणि टांगल्या. वजनाचा विचार करा. भीमाशंकरला तेव्हा कुठला रस्ता?

पंचवटी:
नारोशंकराची घंटा आमच्या गोदावरीकाठी, देवळाच्या तटावर कमानीत आहे. देऊळ १७४७चं. पावसाळ्यात घरोघरी एकच चौकशी, पाणी कुठवर आलं? नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला की छातीला? १९६९च्या महापुरात पाणी घंटेपर्यंत गेलं होतं, असं वडील सांगायचे.

सातारची लेक:
सगळं आईला वाचून दाखवलं. आजोबांचा भाग तिने दोनदा वाचायला लावला. आता तिला भीमाशंकरला जायचंय. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि तिचे गुडघे दुखतात. तिथे डोली मिळते का?

वसईचा नातू:
मिळते. आजोबांनाही डोलीनेच नेलं होतं. सोमवार टाळा आणि सकाळी लवकर पोहोचा. आईंना म्हणावं, घंटा शनीच्या देवळासमोर, दोन खांबांच्या मधे आहे.