पटावर सगळी पोरं, मैदानावर किती? टेक्सासची फुटबॉल वर्गवारी

फ्रिस्कोवासी
टेक्सासमधल्या सरकारी शाळांचा पट ऑक्टोबरअखेरच्या एका शुक्रवारी मोजतात. दर दोन वर्षांनी त्या आकड्यावरून यूआयएल, म्हणजे राज्यातल्या शालेय स्पर्धा चालवणारी संस्था, ठरवते, की शाळेचा (अमेरिकन) फुटबॉल संघ १ए ते ६ए यांपैकी कुठल्या गटात खेळणार. २०२४-२६ साठी नववी ते बारावी मिळून २२७५ किंवा जास्त मुलं असली की ६ए, १३१५ ते २२७४ असली की ५ए. तळाला १०५ च्या आतल्या शाळा, १ए. तिथं अकराऐवजी सहा-सहा जणांचं फुटबॉल चालतं.

वरवर पाहता चोख हिशेब. पण शाळेचा पट काही आभाळातून पडत नाही, स्कूल बोर्ड नकाशावर रेघा मारतं त्यातून तो तयार होतो. शेजारचं अ‍ॅलन घ्या. अख्ख्या स्कूल डिस्ट्रिक्टला एकच हायस्कूल, दहावी ते बारावीचीच पाच हजारांच्या आसपास मुलं, २०१२ मध्ये उघडलेलं ६ कोटी डॉलरचं स्टेडियम. (दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेले म्हणून बंद ठेवावं लागलं, ती गोष्ट वेगळी.) २०१२, १३, १४ ओळीनं राज्य विजेतेपद, पुढं व्यावसायिक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, झालेला कायलर मरे तिथलाच. आमच्या डॅलसजवळच्या फ्रिस्कोनं उलट केलं. शाळा साधारण २१०० मुलांची ठेवायची आणि गर्दी झाली की नवी बांधायची. २०२२ ला पँथर क्रीक उघडली, ते बारावं हायस्कूल. आणि २१०० म्हणजे ५ए! मग ही वर्गवारी ताकदीची की रेघांची?

बँडवाली आई
अहो, फ्रिस्कोनं शाळा छोट्या ठेवल्या त्या फुटबॉलमध्ये सोपा गट मिळावा म्हणून नाही. मुलाला शिक्षक नावानं ओळखतात, यासाठी. आणि बारा शाळा म्हणजे बारा क्वार्टरबॅक, बारा ड्रमलाइन (बँडची ढोलपथकं), बारा डिबेट टीम. पाच हजारांच्या शाळेत बेताच्या पोराला जर्सी तरी मिळते का? दुसरं म्हणजे हे गट नुसत्या फुटबॉलचे नाहीत. मार्चिंग बँड, नंबर सेन्स (मनातल्या मनात गणितं सोडवायची स्पर्धा), मॅथ्स, सायन्स, बहुतेक यूआयएल स्पर्धा याच गटांत होतात. तिथं आपल्या भारतीय पोरांना फायदा होतो तेव्हा कोणी धागा काढत नाही.

फ्रिस्कोवासी
ताई, तुमचाच मुद्दा माझ्या बाजूनं आहे. आपली पोरं नंबर सेन्सला जातात, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, संध्याकाळी बॅडमिंटन अकादमीत असतात. हेल्मेट घालून उभी राहणारी किती? पण पट मोजताना सगळी धरली जातात, मुलींसकट. म्हणजे आपण घरं घेऊन शाळा मोठी करायची आणि कोचनं त्या आकड्याच्या शाळांशी लढायचं. ज्या गावात फुटबॉल हाच धर्म आहे तिथले २१०० आणि इथले २१०० सारखे कसे?

मुक्काम प्लेनो
मग काय, पालकांचा पासपोर्ट बघून वजाबाकी करायची? गणतीत निदान कुणाला चिरीमिरी चालवता येत नाही.

आमच्याकडचा घोळ आणखी निराळा. प्लेनोत नववी-दहावी एका इमारतीत, अकरावी-बारावी सीनिअर हायस्कूलमध्ये, आणि संघ सीनिअर हायस्कूलच्या नावानं. अशा तीनच शाळा, त्यामुळे सगळ्या थेट ६ए. फ्रिस्कोसारखी विभागणी केली असती तर? पण कुठल्याही बोर्डानं रिझोनिंग, म्हणजे शाळांच्या हद्दी बदलणं, काढलं की सभेत फुटबॉलचं नाव कोणी घेत नाही. सगळे घराच्या किमतीवर बोलतात.

नागपुरी संत्रा
देशात आपल्या शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील. पटाचा प्रश्नच नाही. झेडपीची शाळा आणि शहरातली तीन हजारांची शाळा एकाच ड्रॉमध्ये. तुम्ही लोकं फुकटची कटकट करून राहिले.

बँडवाली आई
म्हणूनच झेडपीची पोरं पहिल्याच फेरीत परत येतात ना? गट हवेतच. मोजमाप सुधारता येईल. मिनेसोटात शाळेच्या पटातून, घरच्या कमी उत्पन्नामुळे मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र असलेल्या मुलांपैकी ४० टक्के वजा करतात. गरिबाघरचं पोर दुपारी नोकरीला जातं, सरावाला येत नाही, हे तिथं कुणीतरी ध्यानात घेतलं.

मुक्काम प्लेनो
इंडियाना तर यशच मोजतं. लागोपाठ जिंकत राहिलात की पट काहीही असो, वरच्या वर्गात. टेक्सासमध्ये हे आणायचा प्रयत्न करून बघा. अलेडोसारखी ५ए मध्ये करंडकांची रास लावणारी गावं रस्त्यावर उतरतील.

फ्रिस्कोवासी
उतरू देत की! इंडियानाचा नियम मला पटतो. रेघ बोर्डानं कुठंही मारावी, पण सतत जिंकणाऱ्यानं वर जावं. मिनेसोटाची वजाबाकीही चालेल, फक्त फ्रिस्कोत तिचा परिणाम नगण्य होईल.

आणि ताई, छोट्या शाळांचं कौतुक आहेच, पण ते धोरण गाव वाढत होतं तोवरचं होतं. आता मुलं कमी होताहेत, २०२४ च्या शेवटी बोर्डानं स्टेली मिडल स्कूल बंद करायचं ठरवलं. उद्या हायस्कूलचे झोन जोडायची वेळ आली तर दोन शाळांची मिळून एक होईल, ती ६ए मध्ये जाईल आणि तुमच्या बारा ड्रमलाइनमधली एक जाईल.

बँडवाली आई
तेव्हा बोर्डाच्या सभेला या, नुसते धागे काढू नका. मी तिथं असेन.