अलिप्त, एकलकोंडा की माणूसघाणा?

कृष्णाकाठ: सांगलीच्या विश्रामबागेत आम्ही काहीजण जमून कथा वाचतो. या खेपेला आयरिश लेखक जेम्स जॉइस यांच्या 'डब्लिनर्स' (१९१४) या कथासंग्रहातली 'अ पेनफुल केस' होती. मिस्टर डफी हा बँकेतला कॅशियर. मित्र नाहीत, नातेवाइकांकडे जाणं नाताळला किंवा कुणाच्या मयताला. सिनिको बाईंशी मैत्री जमते. एके संध्याकाळी त्या त्याचा हात घेऊन आपल्या गालाला लावतात, आणि हा भेटीच बंद करतो. चार वर्षांनी पेपरात बातमी दिसते, रेल्वे स्टेशनवर इंजिनाची धडक बसून बाई गेल्या. एकाने टिपणात डफीला 'अलिप्त' म्हटलंय. मला ते खटकतंय.

द्राक्षबाग: का बरं? अळवावरच्या पाण्यागत राहणारा माणूस, अलिप्तच की.

मोडीवाचक: अळवावरचं पाणी म्हणजे क्षणभंगुर. तुमच्या मनात कमळाचं पान असणार. गीतेत (५.१०) 'लिप्यते न स पापेन पद्मपत्रमिवाम्भसा' आहे, आणि 'अलिप्त' त्याच 'लिप्' धातूचा. पाण्यात राहून न भिजणारा तो अलिप्त. डफी तर पाण्यात उतरतच नाही! शिवाय मराठीत हा शब्द कौतुकाचा. संत अलिप्त, नेहरूंचं परराष्ट्र धोरण अलिप्त. कॅशियरला कशाला तो मान?

द्राक्षबाग: मग आमच्या तासगावकडं सरळ 'माणूसघाणा' म्हणतील.

कृष्णाकाठ: माणूसघाण्याला माणसाचा तिटकारा असतो. हा बाईंना पुस्तकं देतो, त्यांच्यापुढं मन मोकळं करतो. फार तर 'फटकून राहणारा' म्हणा. 'एकलकोंडा' कथेच्या पूर्वार्धापुरता चालेल, कारण एकलकोंड्याला एकटेपणा बोचत नाही.

मोडीवाचक: 'तटस्थ' कुणी सुचवू नका. काठावरून पूर बघणं आयर्विन पुलावर गर्दी करणाऱ्या सांगलीकरांना शिकवायला नको. तो शब्द फार तर निवेदकाला द्या. डफीला माझं मत 'त्रयस्थ'. त्याची एक विचित्र सवय जॉइस यांनी नोंदवलीय: तो मनातल्या मनात स्वतःबद्दल छोटी वाक्यं रचतो, तीही तृतीय पुरुषात आणि भूतकाळात. लोकांशी त्रयस्थ राहणारे पुष्कळ भेटतात. हा स्वतःशीच त्रयस्थ आहे.

कृष्णाकाठ: मोडीवाचक, हे पटलं. आणि कथेचं शेवटचं वाक्यही त्याच साच्यातलं आहे! आमच्यातल्या एका ताईंनी त्याचं मराठी केलंय: 'आपण एकाकी आहोत असं त्याला जाणवलं.'

मोडीवाचक: 'एकाकी' काढा. तो पुस्तकी शब्द आहे, आणि वाचकानं कळवळावं म्हणून तिथं आणून बसवल्यासारखा वाटतो. मूळ वाक्य अगदी साधं आहे. 'एकटा' पुरे.

द्राक्षबाग: आणि 'आपण'? त्यात दोघंही येतात की. अंधारात बाई जवळ असल्यासारखं त्याला थोड्या वेळापूर्वी वाटत होतं ना?

कृष्णाकाठ: अगदी. 'आपण'मुळे बाई परत वाक्यात येतात. शिवाय एरवी स्वतःला 'तो' म्हणणारा माणूस नेमका इथं 'आपण'वर येतो, हेही चुकतं.

मोडीवाचक: मग 'तो एकटा होता, असं त्याला जाणवलं.'

द्राक्षबाग: हा 'तो' कोण, दुसराच कुणी, असं वाटतंय ओ.

मोडीवाचक: वाटू द्या. डफीला आयुष्यभर तसंच वाटत आलंय. ताईंना सांगा, हेच ठेवा.