लक्झेंबर्गमध्ये मसाल्याच्या नावाचा ट्रेडमार्क: कोठे आणि कसा नोंदवावा?

मेतकूटभात (धागाकर्ता)
लक्झेंबर्गच्या दक्षिणेकडील एश-सुर-आल्झेत येथे आम्ही उभयता गोडा मसाला, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे बरण्यांत भरून विकतो. व्यवसायाचे नाव व्यापार नोंदणीत दाखल आहे आणि ‘.एलयू’ डोमेनही घेतले आहे. आता त्या नावाचा ट्रेडमार्क हवा आहे. देश एवढासा असल्यामुळे आमचे नाव दुसऱ्या कोणाच्या नावाशी भिडणार नाही, असे वाटते. खर्च ३०० युरोंच्या आत बसावा. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

हेगकर
केवळ लक्झेंबर्गपुरता ट्रेडमार्क अस्तित्वातच नाही. १९७१ पासून बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तिन्ही देशांसाठी एकच बेनेलक्स ट्रेडमार्क असून त्याचे कार्यालय आमच्या हेगमध्ये आहे. त्यामुळे तुमच्या नावाची गाठ एशमधल्या दुकानांशी नव्हे, तर रॉटरडॅम आणि हेग येथील सुरिनामी हिंदुस्तानी (सुरिनाममधून आलेल्या भारतीय वंशाच्या) मसालेवाल्यांशी पडणार आहे, आणि भारतीय धाटणीची नावे त्यांनाही सुचतातच. व्यापार नोंदणीने किंवा डोमेनने ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

म्युनिकचा_शार्दूल
थेट स्पेनमधील आलिकांते येथील युरोपीय संघाच्या ट्रेडमार्क कार्यालयात अर्ज करावा. एका वर्गाला (म्हणजे मालाच्या एका ठरावीक गटाला) ८५० युरो पडतात, पण संघातले सगळे २७ देश एकाच अर्जात येतात. आम्ही वकिलामार्फत केला आणि आज निर्धास्त आहोत. ३०० युरोंत नाव राखता येईल, ही अपेक्षाच मला पटत नाही.

हेगकर
शार्दूलराव, प्रश्नातला आकडा वाचलात का? शिवाय २७ पैकी एका देशातील जुना हक्कसुद्धा तुमचा अख्खा अर्ज अडवू शकतो. बेनेलक्समध्ये पहिल्या वर्गाला २४४ युरो आणि दुसऱ्याला २७ युरो लागतात. मसाला व मेतकूट ३०व्या वर्गात आणि लोणचे २९व्या वर्गात मोडते, म्हणजे एकूण २७१ युरो झाले. नोंदणी १० वर्षे टिकते.

विंबल्डनचे_काका
आमची युरोपीय नोंदणी होती. ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ रोजी तिची ब्रिटिश प्रत विनाशुल्क मिळाली खरी, परंतु नूतनीकरणाचे पैसे आता दोन्हीकडे मोजावे लागतात. याला कोणाचे धोरण कारणीभूत आहे, हे सांगायला नकोच.

गेंटची_वहिनी
काका, ब्रेक्झिटसाठी वेगळा धागा काढावा. मेतकूटभात, हेगचे कार्यालय वर्णनात्मक (म्हणजे मालाचे नुसते वर्णन करणारी) नावे नाकारते, मात्र तुमच्या नावासारखे जुने चिन्ह आधीपासून आहे म्हणून स्वतःहून अर्ज फेटाळत नाही. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर जुन्या चिन्हाच्या मालकाला विरोध नोंदवण्यासाठी २ महिने मिळतात आणि लक्ष ठेवण्याचे काम त्याचेच असते. उद्या तुमच्यावरही तीच पाळी येईल. आणखी एक गोष्ट म्हणजे, अर्ज प्रसिद्ध होताच सरकारी थाटाची बिले पोस्टाने येऊ लागतात. आमच्याकडे आलेल्या बिलावर शिक्का, अर्ज क्रमांक आणि आमचे चिन्हसुद्धा छापलेले होते. यजमानांनी मुकाट्याने पैसे भरले आणि ते परत मिळाले नाहीत.

आधी_शोधा
वहिनींशी सहमत. आधी शोध घ्यावा. बेनेलक्सची आणि युरोपीय संघाची अशा दोन्ही नोंदवह्या पाहाव्यात, कारण संघाचा ट्रेडमार्क लक्झेंबर्गमध्येही चालतो. शोध मोफत आहे. नोंदणी बोधचिन्हाची न करता नुसत्या शब्दाची करावी, म्हणजे पुढे चित्र बदलले तरी हक्क शाबूत राहतो. सलग ५ वर्षे वापर झाला नाही, तर कोणीही ती रद्द करण्याची मागणी करू शकतो.

मेतकूटभात
सर्वांचे मनःपूर्वक आभार. शोध घेतला असता नेदरलँड्समधील एकाने जवळपास आमचेच नाव चहासाठी ३०व्या वर्गात नोंदवल्याचे आढळले. त्यामुळे नुसत्या शब्दाऐवजी पत्नीच्या भावजयीने चितारलेल्या बरणीच्या चित्रासह नाव नोंदवण्याचे आम्ही ठरवले आहे.

हेगकर
वर्ग एक असणे हा निर्णायक निकष नाही. चहा आणि मसाला ग्राहकाला कितपत जवळचे वाटतात, हे पाहिले जाते. पण चित्रामुळे नावाचे साम्य झाकले जात नाही. नाव बदलायचे नसेल, तर निदान विरोधाची मुदत संपेपर्यंत लेबले छापू नका.

मेतकूटभात
लेबले सोमवारीच छापखान्यात गेली आहेत.