खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ खाणारी समुद्री गोगलगाय ठेवावी काय?

पऱ्हाटी_रीफ
राम राम मंडळी, मी दारव्ह्याकडचा. घरी चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी हाये, दोन क्लाऊनफिश अन् थोडे सॉफ्ट कोरल. दिवाळीपासून दगडायवर हिरवं केसाळ शेवाळ माजलं, ब्रशनं घासलं का पुन्हा तसंच. दुकानदार म्हणते लेट्यूस स्लग नावाची समुद्री गोगलगाय घ्या, सारं साफ करते, अन् शेवाळ संपलं तरी झाडासारखी उजेडावरच जगते. खरं हाये काय? अन् आपल्या मे महिन्यात टिकन काय ते? पाणी बोरचंच, घरच्या आरओतून काढतो.

अंबानगरीवाला
भाऊ, दुकानदारानं अर्धंच सांगतलं. ही एलिसिया क्रिस्पाटा, मूळची कॅरिबियन समुद्रातली. शेवाळ कुरतडत नाही, तंतू टोचून आतला रस ओढते, मागे फिक्कट रिकामी साल राहते. रसातले हरितकण (उजेडात अन्न बनवणारे कण) पचवून न टाकता अंगात साठवते, म्हणून हिरवी दिसते, अन् त्याच्या जोरावर उपाशीपोटी थोडी जास्त तगते, बस एवढंच. ते नऊ-दहा महिने न खाता जगल्याचं जे सांगतात ती वेगळी जात, एलिसिया क्लोरोटिका, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची, अन् तेही लॅबमध्ये. आपल्या टाकीत शेवाळ संपलं की क्रिस्पाटा आकसत आकसत मरते, तेव्हा पुढं कोणाच्या टाकीत द्यायची ते आधीच ठरवून ठेवा. अन् शेवाळ ब्रायोप्सिस किंवा डर्बेसिया या हिरव्या केसाळ जातीचं असेल तरच आणा, लाल बुळबुळीत थर असेल तर ती तोंडही लावणार नाही.

रामटेक_खारं
वरच्याशी सहमत, पण मले विचारसान तर उन्हाळ्यात मागवूच नका. बाहेर ४५ असलं का टाकी चिलरबिगर (पाणी थंड करणाऱ्या मशीनबिगर) ३० च्या वर जाते, त्यात लाईट गेली का पाण्यातला ऑक्सिजन उतरते. बॅटरीवरचा एअर पंप तं पाहिजेनच. अन् बाष्पीभवन झालं का मीठ मागेच रायते, म्हणून वरून भरताना गोडंच पाणी टाका, खारं नाही, घनता १.०२५ च्या आसपास ठेवा. मासे आजारी पडले म्हणून तांब्याचं औषध टाकीत ओतलं असन तर गोगलगायीचं नावच काढू नका, बिनकण्याच्या जीवायले ते इखच हाये.

गाळणी
अहो, शेवाळ येतंय कशावर ते पाहा ना आधी. बोरच्या पाण्यात शेतातल्या युरियाचं नायट्रेट उतरतं आणि घरचा आरओ ते पूर्ण काढत नाही, पुढे डीआयची (उरलेले क्षार काढणारी) नळी जोडा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, शून्य यायला हवा. खाणं कमी टाका. नाहीतर गोगलगाय एकीकडून खाईल आणि तुम्ही दुसरीकडून पिकवाल.

पऱ्हाटी_रीफ
डीआय मागवतो मंग. पण पावसाळ्यानंतर एक आणाचीच हाये. वेव्हमेकरात (पाणी हलवणाऱ्या पंपात) ओढल्या जाते म्हणते, जाळी लावली तर पुरते काय?

अंबानगरीवाला
जाळीवर चिकटली तरी फाटते हो, अंग एकदम मऊ असते तिचं. जाळीवर जाड स्पंज चढवा अन् ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी जिथून बाहेर पडते त्या) दातऱ्यालेही लावा, रात्री काचेवरून फिरत नेमकी तिथंच जाते. स्पंज दर आठवड्याले धुवा, नाहीतर पंप दम तोडते.