भूल देण्यापूर्वीच्या तपासणीला काय तयारी करून जावे?

शेतशिवार: नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. बाबांच्या पित्ताशयातील खड्यांची दुर्बिणीची शस्त्रक्रिया सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात ठरली आहे. त्यांना मधुमेह आहे, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे आणि खर्रा सुटलेला नाही. पण डॉक्टरांनी काहीही विचारले तरी ते 'काही नाही जी, सगळं ठीक आहे' एवढेच म्हणतात. तपासणीला मी सोबत जाणार आहे. काय तयारी करावी?

वर्धेकर परिचारिका: पहिली गोष्ट, खर्रा लपवू नका. वर्षानुवर्षे सुपारी-तंबाखू खाल्ल्याने तोंड पुरेसे उघडेनासे होते आणि मग पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाते. बाबांची तीन बोटे उभी तोंडात जातात का, ते घरीच पाहा. जात नसतील तर भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा, म्हणजे त्यांना वेगळी साधने आधीच तयार ठेवता येतील.

गोळ्यांची नावे लिहून नेण्यापेक्षा पाकिटेच न्या, वैदूचे चूर्ण असेल तर तेही. रक्त पातळ करणारी गोळी कोणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. ती कधी थांबवायची, की थांबवायचीच नाही, हे डॉक्टर ठरवतील. साखरेच्या गोळ्यांचेही तसेच.

उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही. साधारणपणे जेवणानंतर सहा ते आठ तास जावे लागतात आणि दुधाचा चहा जेवणातच मोजला जातो. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते, तरी तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळा. घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, आहे का?

शेतशिवार: बाबांच्या सख्ख्या पुतण्याला आहे. बाबांची तपासणी कधीच झालेली नाही.

वर्धेकर परिचारिका: मग हे तारखेची वाट न पाहता कळवा. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळेही पित्ताशयात खडे होतात. वाहकाला, म्हणजे ज्याला एकाच पालकाकडून हा दोष आला आहे त्याला, सहसा त्रास होत नाही. मात्र रुग्ण असल्यास शरीरात पाणी, ऊब आणि प्राणवायू कमी पडू न देण्याची विशेष काळजी घ्यावी लागते, प्रसंगी आधी रक्तही द्यावे लागते. प्राथमिक चाचणी आरोग्य केंद्रातही होते, पण पक्क्या निदानासाठी पुढची तपासणी लागते.

तालुक्याचा माणूस: शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा. ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होण्यापूर्वीच विचारा, कारण मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यावी लागते.